सहा टायरी टिपरचं डिलिव्हरी भाडं कसं काढायचं? नऱ्ह्याच्या मटेरियलवाल्याच्या प्रश्नाला उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पुण्यात नऱ्ह्याला तुम्ही जागा भाड्यानं घेऊन खडी, क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू), मुरूम, लाल माती असं मटेरियलचं दुकान टाकलंय, एक सेकंडहँड सहा टायरी टिपर घेतलाय आणि गिऱ्हाइकाला फोनवर जाऊन-येऊन किलोमीटरला ५० रुपये असा डिलिव्हरीचा रेट सांगताय. आठ महिने झाले, गाडी रोज पळतीय, पण महिनाअखेर हातात काही राहत नाही, म्हणून विचारताय की रेट ६० करू का ७०.

६० करा नाहीतर ७० करा, जवळच्या खेपेत मार खाणं थांबणार नाही आणि लांबचं गिऱ्हाईक मात्र पळून जाईल. का ते सांगतो. मी बावीस वर्षं वाघोली-लोणीकंद पट्ट्यातल्या क्रशरवरून माल भरून शहरात टाकायचं काम करतोय, पहिली सहा वर्षं स्वतःच स्टेअरिंगवर होतो, आता दोन सहा टायरी आणि एक हायवा, म्हणजे मोठा टिपर, आहे. सुरुवातीला मीपण किलोमीटरवरच भाडं सांगायचो कारण सगळे तसंच सांगायचे.

गडबड अशी आहे की टिपर किलोमीटरवर फक्त डिझेल आणि टायर खातो. बाकी सगळं, म्हणजे हप्ता, ड्रायव्हरचा पगार, विमा, पासिंग, पार्किंग, हे तासावर खातो. गाडी सिंहगड रोडला राजाराम पुलापाशी अर्धा तास उभी असेल तर किलोमीटर शून्य, पण हप्ता चालूच की. त्यामुळे तुम्ही खरं तर गाडीचा वेळ विकताय आणि बिल अंतराचं करताय.

माझ्या एका सहा टायरीचे आकडे देतो, तुमचे वेगळे असणार, तुमचे टाका. हप्ता ३४,०००, ड्रायव्हर भत्त्यासकट २४,०००, विमा-टॅक्स-फिटनेस वर्षाचं बारानं भागून ९,०००, दुरुस्तीला बाजूला काढून ठेवतो ते ८,००० (हे काढत नसाल तर आजपासून काढा, क्लच प्लेट सांगून जात नाही), पार्किंग ३,०००. झाले ७८,०००. महिन्यातले रविवार, गाडी गॅरेजला असते ते दिवस, पाऊस, हे सगळं वजा करून खरे २२ दिवस मिळतात. म्हणजे दिवसाला साधारण ३,५५०. आणि दिवसात कामाचे तास आठ धरले, तर तासाला साडेचारशे रुपये. गाडी हललीच नाही तरी.

आता पळण्याचा खर्च. डिझेल ९० च्या आसपास, सहा टायरी भरून जाऊन रिकामी येताना शहरात लिटरला ४ चं ॲव्हरेज देते, म्हणजे किलोमीटरला साडेबावीस रुपये झाले. टायर, ऑइल, लायनर, ग्रीस धरून मी २८ रुपये किलोमीटर पकडतो. घाटाकडची कामं जास्त असतील तर ३२ धरा.

आता तुमच्याच दोन खेपा मांडून बघू. पहिली, दुकानापासून ८ किलोमीटरवर, समजा वारज्याला. जाऊन-येऊन १६ किलोमीटर. भरायला वीस मिनिटं, ओतायला वीस, गिऱ्हाईक "जरा थांबा, गाडी काढतो" म्हणतं त्यात आणि गेटवरच्या वॉचमनशी बोलण्यात वीस, हा झाला एक तास. शहरात भरलेला टिपर सरासरी १५ च्या वर पळत नाही, म्हणजे १६ किलोमीटरला तास-सव्वातास. एकूण दोन तास, ९०० रुपये, अधिक पळण्याचे ४४८. जवळजवळ १,३५० खर्च आणि तुम्ही घेतले ८००. अशा दिवसात चार खेपा मारल्या की गाडी भरपूर पळाली असं वाटतं, ३,२०० जमा होतात, त्यातले १,८०० डिझेल-टायरला गेले, उरले १,४०० आणि दिवसाचा ठोक खर्च ३,५५०. रोजचा दोन हजारांचा खड्डा. तो तुम्ही खडीच्या नफ्यातून भरताय म्हणून दिसत नाही इतकंच.

दुसरी खेप शिरवळच्या अलीकडे, ३५ किलोमीटर. हायवेला वेळ कमी लागतो, जाऊन-येऊन दोन तास, भरणं-ओतणं एक तास, १,३५० झाले, पळण्याचे ७० किलोमीटरचे १,९६०, टोल वेगळा. खर्च ३,३०० आणि तुमच्या रेटनं येतात ३,५००. म्हणजे लांबच्या खेपेत दोनशे सुटतात आणि जवळच्या खेपेत साडेपाचशे जातात, आणि तुमची दहातली आठ गिऱ्हाइकं तर जवळचीच असणार. उगाच नाही हातात काही राहत.

म्हणून मी भाड्याचे दोन तुकडे करतो. एक ठोक, गाडी यार्डातून हलली की लागतोच तो, साडेचारशे, त्यात भरणं, ओतणं, थोडं थांबणं आलं. दुसरा किलोमीटरचा, पण त्यात वेळ धरून. शहरात एका किलोमीटरला चार मिनिटं जातात, त्याचे ३० रुपये अधिक पळण्याचे २८, असे ५८. हायवेला वेळेचे १३ अधिक २८, असे ४१. दोन्ही जाऊन-येऊन किलोमीटरवर. वरच्या दोन्ही खेपा या हिशोबानं करून बघा, त्याच आकड्यांच्या जवळ येतात. यावर नफा टाकायचा, मी १५ टक्के टाकतो, म्हणजे वारज्याची खेप १,६०० ला आणि शिरवळची ३,८०० अधिक टोल. तुमच्या भागात कॉम्पिटिशन किती त्यावर नफा कमी-जास्त करा, पण खर्चाच्या खाली जायचंच असेल तर निदान माहीत असताना जा.

गिऱ्हाइकाला मात्र हे गणित सांगायचं नाही. फोनवर "ठोक अधिक किलोमीटर" म्हटलं की समोरचा मॅप उघडून वाद घालतो, मॅपवर ६.८ दाखवतंय तुम्ही ८ कसे म्हणता. मी भागाचं नाव लिहून रेट काढून ठेवलेत. धायरी-नांदेड फाटा एक रेट, वारजे-कर्वेनगर दुसरा, कोथरूड-बावधन तिसरा, कोंढवा-उंड्री चौथा, पेठा सगळ्यात खाली आणि त्याच्यापुढे "विचारून" असं लिहिलंय. कागद भिंतीला लावलाय. छापील दिसलं की लोक घासाघीस निम्मी करतात, हा अनुभव आहे, कारण काय ते मला माहीत नाही. खाली एक ओळ टाका की डिझेल पाच रुपयांनी हललं तर रेट बदलेल, आणि पाचनं हललं की खरंच बदला.

पेठांचं "विचारून" का, तर सदाशिव, कसबा, शुक्रवार इथलं काम अंतरानं दहा किलोमीटर पण वेळेनं अर्धा दिवस. जड वाहनांना गर्दीच्या वेळात बंदी असते, वेळा आणि रस्ते बदलत राहतात, तेव्हा ट्रॅफिक पोलिसांचा चालू आदेश बघूनच वेळ द्या. गाडी रात्री न्यायची, बोळात टिपर शिरत नाही, मग पिकअपनं तीन फेऱ्या किंवा रस्त्याकडेला ओतून घमेल्यानं आत. यात ओव्हरटाइम, हमाली, शेजाऱ्यांची कुरकुर सगळं येतं. मी पेठेतलं काम पिकअपच्या फेऱ्यांवरच सांगतो, टिपरचा रेट देतच नाही. आणि कॅलेंडरपण बघा, आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात असतात तेव्हा सासवड आणि सोलापूरकडचे रस्ते धरू नका, गणपतीत मध्यभाग विसरा. त्या दिवसांचा शब्द दिला की आपलंच तोंड काळं होतं.

आता मालाकडे येतो, कारण तुम्ही भाडं "ब्रासला इतके" असंही सांगता असं दिसतंय, आणि तिथे दुसरी गफलत आहे. ब्रास म्हणजे १०० घनफूट, ते माप आहे, वजन नाही. खडीचा ब्रास सव्वाचार-साडेचार टन भरतो, क्रश सँडचा साडेचार ते पाच, ओली असेल तर पाचच धरा. लाल माती कोरडी असेल तर कमी, पावसात भिजली की ओळखू येत नाही. सहा टायरीचं पासिंग, म्हणजे कायद्यानं चालणारं जास्तीत जास्त वजन, २०१८ च्या नवीन नियमानंतर १८.५ टन आहे, गाडी आणि माल मिळून. रिकामी गाडी ७ टनाच्या आसपास असते, म्हणजे माल साडेअकरा टन. क्रश सँड भरली तर सव्वादोन-अडीच ब्रासला वजन संपतं, हौदा मात्र अर्धा रिकामा दिसतो आणि गिऱ्हाईक म्हणतं अजून टाका की, शेजारचा चार ब्रास आणतो.

आणतो खरा. पण पकडला गेला तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा दंड आहे, शिवाय जास्तीचा माल जागेवर उतरवायचा. चार ब्रास सँड म्हणजे वीस टन, साडेआठ टन जास्त, करा हिशोब. चेसिस, स्प्रिंगपाटे, टायर हे वेगळंच. मी तरुणपणी भरलेत जास्त, खोटं कशाला बोलू. पण आता तुमच्या भागात तर अजिबात नको, कारण कात्रजचा नवीन बोगदा ते नवले पूल हा उतार तुमच्या दारातच आहे. तिथे जड गाड्यांचे ब्रेक जाऊन किती अपघात झालेत ते तुम्ही रोज बघता. बरेच ड्रायव्हर डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करतात, आणि त्यांना तसं करायला आपणच लावतो, डिझेल वाचवलं तर बक्षीस किंवा खेपेवर पगार देऊन. मी महिन्याचा पगार आणि दिवसाचा भत्ता देतो, खेपेवर एक रुपया नाही. दिवसाची एखादी खेप कमी होते, होऊ दे, भाड्यात ती धरलेली आहे.

मापाच्या भांडणाबद्दल एक सांगतो कारण नवीन माणसाचे सगळ्यात जास्त पैसे तिथे जातात. तुमचा हौदा आतून १० फूट लांब, ७ फूट रुंद असेल आणि माल साडेतीन फूट सपाट असेल तर २४५ घनफूट, म्हणजे २.४५ ब्रास. क्रशरवर असं मोजून भरला, आणि वाघोलीवरून नऱ्ह्याला येईपर्यंत खड्ड्यांनी ठासून चार बोटं खाली बसला. तीन इंच समजा, तर ७० चौरस फुटात साडेसतरा घनफूट माल कागदावरून गायब. गिऱ्हाईक टेप लावतं आणि म्हणतं कमी आहे. त्याचं चुकत नाही, माल तेवढाच आहे हेही खरं. वाळूचं उलटं, ती थोडी दमट असेल तर फुगते, वीस-तीस टक्क्यांपर्यंत, आणि पूर्ण भिजली किंवा वाळली की परत बसते. म्हणून मी दोन गोष्टी करतो. हौद्याच्या आतून ऑइल पेंटनं २ ब्रासची रेघ मारलीय, माल भरतानाच गिऱ्हाइकाला फोटो जातो. आणि वजनकाट्याची पावती, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीची दोन्ही, मालाच्या चलनाला पिन करून. टेप आणि काटा दोन्ही दाखवले की माणूस गप्प होतो. काट्याचे शंभर-दीडशे भाड्यात धरा, ते स्वतःच्या खिशातून भरू नका.

गौण खनिजाचा पास तर लागतोच, तो विसरून भाडं काढू नका. खडी, मुरूम, वाळू यांच्या वाहतुकीला सरकारच्या महाखनिज साइटवरून निघालेला पास गाडीत पाहिजे आणि त्यावरची वेळ संपायच्या आत माल पोचला पाहिजे. स्वामित्वधन, म्हणजे सरकारची रॉयल्टी, २०२१ ला ब्रासला ६०० झालं, ते मालाच्या भावात येतं, भाड्यात नाही, पण बरेच जण स्वस्त दाखवायला बिनपासाचा माल घेतात. महसूलवाल्यांनी धरलं तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि गाडी आवारात उभी. तासाला साडेचारशे वर सांगितलेच आहेत.

आता साइट. ऑर्डर घेताना मी भाव सांगायच्या आधी पत्ता, आणि पत्त्याच्या आधी रस्ता विचारतो. शेवटच्या दोनशे मीटरवर सगळं ठरतं. गल्ली किती रुंद, वळायला जागा आहे का, वरून वायरी किती खाली आहेत (हौदा उचलला की दोन मजल्यांएवढा जातो, हे गिऱ्हाइकाच्या डोक्यात नसतं), सोसायटी टिपर आत घेते का, ओतायची जागा कच्ची की काँक्रीट. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ मागवा, गेटपासून ओतायच्या जागेपर्यंत चालत काढलेला. आम्ही पाच-सहा वर्षांपूर्वी सूस रोडला एका बंगल्यात दोन ब्रास खडी टाकायला गेलो, मालक म्हणाला या मागे या, बिनधास्त या, फरशी पक्की आहे. मागचं डावं चाक त्या फरशीवर आलं आणि फरशी खाली गेली, खाली सेप्टिक टँक. आवाज असा काही झाला नाही, नुसता कुरकुर आणि गाडी एका बाजूला झुकली, ड्रायव्हर दार उघडून उडी मारून बाहेर. खडी हातानं उतरवली, मग क्रेन, संध्याकाळचे सात वाजले आणि वर मालकानं झाकणाचे पैसे आमच्याकडे मागितले. त्या दिवसापासून चलनावर छापलंय की रस्ता सोडून आत गाडी घ्यायची तर जबाबदारी घेणाऱ्याची, आणि सही घेतल्याशिवाय ड्रायव्हर रिव्हर्स टाकत नाही. पावसाळ्यात कच्च्या प्लॉटवर तर मी गेटलाच ओततो. जेसीबी बोलावून टिपर काढायला जे जातात त्यात चार खेपांचं भाडं जातं.

थांबायचे पैसे लावा. पहिली वीस मिनिटं फुकट, पुढे अर्ध्या तासाला सव्वादोनशे, आणि हे आधीच मेसेजमध्ये लिहून पाठवा. लावायची वेळ क्वचित येते, लिहिलेलं असलं की गिऱ्हाईक गाड्या काढूनच ठेवतं.

अर्ध्या ब्रासवाल्यांचं तुम्ही विचारलंय. बाथरूमच्या कामाला अर्धा ब्रास सँड पाहिजे असतो, भाडं मालापेक्षा जास्त होतं आणि लोक चिडतात. टिपरचं भाडं कमी करू नका, खेप तेवढीच आहे. एक तर गोणीत भरून पिकअपनं पाठवा, किंवा त्याच बाजूच्या दोन ऑर्डरी जोडा, मी गुरुवार आणि शनिवार कोथरूड बाजूला ठेवलेत, "त्या दिवशी घेतलंत तर भाडं निम्मं" म्हटलं की निम्मे लोक थांबतात. एका हौद्यात दोन माल न्यायचे तर मध्ये फळी टाका आणि आधी उतरायचा माल फाळक्याच्या (मागच्या दाराच्या) बाजूला, उलटं केलंत तर खडी-सँडची खिचडी दोन्ही गिऱ्हाइकांच्या दारात. रिकामं परत येण्यापेक्षा राडारोडा भरून आणा असं कोणी सुचवेल, पैसे सुटतात हे खरं, पण तो कुठे टाकणार ते आधी ठरलेलं पाहिजे. नदीकाठी नाहीतर टेकडीला टाकला की महापालिका दंड करते, आणि केलाच पाहिजे. वाघोलीला महापालिकेचा राडारोड्याचा प्रकल्प आहे, तुम्हाला नऱ्ह्यावरून तो उलट्या टोकाला पडतो, मला मात्र क्रशरवर परत जाताना वाटेत मिळतो. त्यामुळे माझं गणित तुम्हाला लागू नाही.

शेवटचं पैशाचं. माल टाकून झाल्यावर "साहेब बाहेर गेलेत, उद्या करतो जीपे" हे ऐकून घ्यायचं नसेल तर हौदा उचलायच्या आधी भाडं आणि माल दोन्हीचे पैसे. ड्रायव्हर गेटवर पोचला की मला फोन करतो, मी पैसे आल्याचा मेसेज बघतो, मगच तो हौद्याचा लिव्हर ओढतो. जुन्या कॉन्ट्रॅक्टरना महिन्याची उधारी आहे, पण त्यांनाही भाडं रोख, उधारी फक्त मालाची.

एवढं करा, पंधरा दिवस ड्रायव्हरला एक वही द्या, प्रत्येक खेपेला निघाल्याची, पोचल्याची, ओतून निघाल्याची आणि परत आल्याची वेळ लिहायला सांगा. माझे १५ चे स्पीड आणि एक तासाचा ठोक तुमच्याकडे वेगळे निघतील, नवले पुलाचं ट्रॅफिक बघता स्पीड कमीच. आणि आरसीवर गाडीचं रिकामं वजन किती लिहिलंय ते इथे टाका, मग तुमच्या हौद्यात २ ब्रासची रेघ किती फुटांवर मारायची ते सांगतो.